जळणाच्या पेटीतलं पत्र

एकतीस वर्षं मी टपाल वाटलं. हेमलॉक क्रीकच्या पोस्टापासून सुपीरियर सरोवराच्या काठापर्यंतचा रस्ता, चारशे बारा टपालपेट्या, आणि दर वर्षी सप्टेंबर संपता संपता म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी सरकारकडून येणारं ते मेडिकेअरचं, म्हणजे पासष्टीनंतर मिळणाऱ्या सरकारी आरोग्य विम्याचं, जाडजूड पुस्तक. माझ्या उजव्या खांद्याचं जे वाटोळं झालंय ते त्या पुस्तकामुळेच, असं मी डॉक्टरलासुद्धा ठणकावून सांगितलंय. कोण वाचतं हे, असं म्हणत मी ते एकेका पेटीत कोंबायचे आणि पुढे निघायचे.

वाचत कुणी नसणार, याची मला खात्री होती. आमच्याकडे फिनलंडहून आलेल्यांची घरं जास्त. त्यांच्या प्रत्येकाच्या परसात साऊना असते, म्हणजे लाकडाच्या चुलीवर दगड तापवायचे, त्यावर पाणी ओतायचं आणि वाफेत बसायचं, अशी छोटीशी खोली. शनिवारी ती तापलीच पाहिजे. आणि चूल पेटवायला कागद लागतो. मी आठवडाभर घाम गाळून वाटलेला निम्मा माल शनिवारी दुपारी धुराड्यातून वर जायचा. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. जाहिरातींची तीच लायकी होती.

निवृत्त झाल्यावर मात्र माझे हाल झाले. मला बोलायला माणसं लागतात, आणि घरी नुसत्या भिंती. दोन महिन्यांत मी रेडिओशी भांडायला लागले. तेव्हा लायब्ररीतल्या बाईंनी मला एका सरकारी प्रशिक्षणाला पाठवलं. म्हाताऱ्या माणसांना मेडिकेअर समजावून सांगायचं, फुकट, कुणाचीही वस्तू न विकता. अशा रीतीने, जन्मभर वाहिलेलं ते पुस्तक मी अखेर उघडलं.

खोटं कशाला बोलू, मी थक्क झाले. मला वाटलं होतं, सरकारी बडबड असेल. पण पानोपानी दिसायला लागलं की कुणीतरी कुठेतरी बसून एकेका माणसाचा विचार केलाय. ज्याची मूत्रपिंडं गेली त्याचा. जो तुरुंगातून सुटला त्याचा. अलास्काला निघालेला माणूस वाटेत कॅनडात आजारी पडला तर काय, याचंसुद्धा उत्तर तिथे लिहिलेलं होतं. मी सरकारवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण त्या कॅनडातल्या माणसापाशी मी पुस्तक मिटलं आणि जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

तर गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. हरणांच्या शिकारीचे दिवस होते, त्यामुळे गावात पुरुष माणूस औषधालाही नव्हता. अशा वेळी रेनो कांगास लायब्ररीत, जिथे मी सल्ला द्यायला बसते तिथे आला, तेव्हाच मला कळलं की गडी आजारी आहे. ऐंशी वर्षांचा हा माणूस जन्मभर लोखंडाच्या खाणीत राबला, आणि शिकारीचा एकही मोसम त्याने चुकवला नव्हता. दारापासून माझ्या टेबलापर्यंत येता येता तो दोनदा थांबला. मागे त्याची बायको आयली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, शाळेच्या मुदपाकखान्यात बावीस वर्षं काढलेली, डोक्याला लोकरीचा रुमाल. ती बसली, पर्स मांडीवर घेतली आणि गप्प झाली.

रेनोच्या हृदयाची झडप आखडली होती. मांडीतून नळी घालून नवी झडप बसवणारे डॉक्टर होते राज्याच्या सीमेपलीकडे, विस्कॉन्सिनमध्ये, आणि त्यांनी त्याला जानेवारीतली तारीख देऊन ठेवली होती. आमच्या गावच्या डॉक्टरने सांगितलं होतं की वसंतापर्यंत थांबू नका. अडचण एकच. चार वर्षांपूर्वी रेनोने मूळ मेडिकेअर सोडून एका खासगी कंपनीचा प्लॅन घेतला होता. त्यात दात फुकट, चष्मा फुकट, सगळं एका कार्डात. पण डॉक्टर त्यांच्या यादीतलाच हवा, आणि त्यांची यादी राज्याच्या सीमेवर संपत होती.

मी त्याला दोन्ही रस्ते समजावले. मूळ मेडिकेअरमध्ये परत येणं सोपं, सात डिसेंबरपर्यंत नुसतं कळवायचं. मग देशातल्या जवळपास कुठल्याही डॉक्टरकडे जा. पण तिथे खर्चाचा पाचवा हिस्सा आपल्या अंगावर, आणि त्याला वरची मर्यादा नाही, म्हणून जोडीला पुरवणी विमा लागतो. घोडं अडतं ते तिथे. पासष्टीनंतर पहिले सहा महिने हा पुरवणी विमा कुणालाही मिळतो, तब्येतीचा एक प्रश्न विचारता येत नाही. नंतर मात्र कंपन्या विचारतात. आणि रेनोसारखी झडप असलेल्या माणसाला विचारून झालं की दार लावून घेतात.

एक वाट उरते का, ते मी बघत होते. प्लॅनचं कार्ड मागितलं, तर तो म्हणाला, घरी राहिलं. प्लॅनचं नाव मात्र त्याने न अडखळता सांगितलं. त्या कंपनीचे तीन प्लॅन होते, तिघांची नावं सख्ख्या भावांसारखी. त्यातला एक आमच्या जिल्ह्यातून जानेवारीपासून बंद होणार होता, पण त्याने सांगितला तो नव्हे.

"कंपनीकडून काही पत्र आलं का, रेनो?"

"जाहिराती येतात. साऊना त्यांच्यावरच तापते."

मग मी त्याला सांगून टाकलं की पुरवणी विमा मिळणार नाही. आणि रेनोने काय केलं, तर एक लांब श्वास सोडला आणि खुर्चीत सैल बसला. एवढी वाईट बातमी ऐकून सुटल्यासारखा दिसणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मी बोलण्यात हुशार, बघण्यात यथातथाच.

निघताना आयलीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"शनिवारी साऊनाला ये, बर्नी. तीन वाजता."

एकतीस वर्षं मी त्यांच्या दारात टपाल टाकलं, पण हे आमंत्रण मला कधी आलं नव्हतं. या लोकांच्या साऊनाचं बोलावणं म्हणजे साधी गोष्ट नाही. मी हो म्हटलं.

शनिवारी गुडघाभर बर्फ तुडवत मी पोचले. त्या घरात आधी बायका, मग पुरुष अशी पद्धत. कपडे बदलायच्या खोलीत लाकडी बाकावर टॉवेल ठेवले होते, आणि कोपऱ्यात जळणाची पेटी होती. तिच्यात बर्चच्या साली, काटक्या आणि वर कागदांचा ढीग. माझ्या जागी आलेल्या पोराने आठवडाभर वाटलेला सगळा माल मी ओळखला.

आयलीने दार लावून घेतलं. मग पेटीपाशी वाकली, वरच्या तीन जाहिराती बाजूला केल्या आणि एक लिफाफा काढून माझ्या हातात दिला. लिफाफा रेनोच्या नावाचा होता. कडा काजळीने काळ्या, कागद वाफेने मऊ पडून पुन्हा वाळलेला, त्याला धुराचा वास. आत कंपनीचं पत्र होतं. तुमचा प्लॅन तुमच्या जिल्ह्यात एकतीस डिसेंबरला बंद होत आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. तीन भावांपैकी जो बंद होणार होता तोच.

मी पत्र पुन्हा एकदा वाचलं. हे पत्र हातात असलं की सगळं उलटं होतं. प्लॅन तुम्हाला सोडून गेला, तर ठरावीक पुरवणी विमे तुम्हाला द्यावेच लागतात. तब्येतीचं कुणी विचारू शकत नाही. फक्त अर्जासोबत हे पत्र जोडायचं. कंपनीने या माणसाला वाऱ्यावर सोडलं होतं, आणि नेमकं तेवढ्यामुळेच त्याचा जीव वाचणार होता.

"हे पेटीत कसं आलं?" मी विचारलं.

"तो टाकतो. मी काढते."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. आज आठवा शनिवार."

मग तिने सांगितलं, तुटक तुटक, त्यांच्या पद्धतीने. गुरुवारी रेनो ते पत्र पेटीत टाकायचा. शनिवारी चूल पेटवायच्या आधी ती ते काढायची आणि रविवारी सकाळी त्याच्या कॉफीच्या कपाखाली ठेवायची. तो कॉफी प्यायचा, पत्र खिशात घालायचा. गुरुवारी ते पुन्हा पेटीत. याबद्दल दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते.

"आणि एखाद्या शनिवारी तुझ्या आधी त्यानेच चूल पेटवली असती तर?"

"पेटवायच्या आधी तो घरात येतो. विचारतो, लाकडं आणू का. चोपन्न वर्षांत कधी विचारलं नाही. लाकडं आणायला मागच्या शेडपर्यंत जातो आणि सावकाश येतो. तेवढ्यात मी काढते. आज तुला दाखवायला परत तिथेच ठेवलं."

म्हणजे तो जाळायला ठेवत होता आणि तिला काढायला वेळही देत होता. त्यांच्या संसारातलं सगळ्यात मोठं भांडण या दोघांनी एका लाकडी पेटीतून चालवलं होतं. आमच्या घरी हे झालं असतं तर पहिल्याच रविवारी कप फुटले असते आणि चार घरांपलीकडे ऐकू गेलं असतं.

"लायब्ररीत का नाही बोललीस? मी त्याला नाही म्हणून सांगितलं, तू समोर बसून ऐकलंस."

"तुझ्यासमोर त्याला खोटा पाडू?" ती म्हणाली. "तो घाबरलाय शस्त्रक्रियेला. त्याचा भाऊ टेबलावरच गेला होता."

मग आम्ही वाफ घेतली. बाहेर आल्यावर तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि रेनो साऊनात गेला. डॉक्टरने त्याला खालच्या बाकावर दहाच मिनिटं बसायची परवानगी दिली होती. आयलीने फडताळ उघडलं. पिठाच्या डब्याशेजारी ती मेडिकेअरची पुस्तकं ओळीने उभी होती. मी मोजली. पंधरा होती. मी माझ्या हाताने टाकलेली बरीचशी, पेटीत कोंबताना दुमडलेल्या कोपऱ्यांसकट. तिने यंदाचं काढलं. त्यात लाल लोकरीचा धागा घातला होता, आणि त्या पानावर तिच्या स्वतःच्या नावाचं तसंच पत्र होतं, कोरं करकरीत, कारण तोच प्लॅन तिचाही होता. ते पान होतं, प्लॅन तुमच्या जिल्ह्यातून गेला तर तुमचे हक्क काय, याचं.

"ही सगळी तू वाचलीस?"

"हिवाळा मोठा असतो," आयली म्हणाली आणि कॉफी ठेवली.

मला काय वाटलं ते कसं सांगू. सात वर्षांची होईपर्यंत या बाईला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, शाळेत बोलली नाही म्हणून बाई कोपऱ्यात उभं करायच्या, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मी तिला साधी समजत होते. लायब्ररीत सगळं बोलणं मी रेनोशी केलं, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि ज्या पुस्तकाला मी एकतीस वर्षं शिव्या घातल्या, ते दर हिवाळ्यात या स्वयंपाकघरात कुणीतरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत होतं. माझ्या टेबलासमोर मीच शिकायला बसायला हवं होतं.

रेनो आला. चेहरा लाल, केस ओले. टेबलावर वेलदोडा घातलेला गोड पाव होता, कॉफी होती, आणि पावाच्या ताटलीशेजारी दोन पत्रं, एक पांढरं आणि एक काळवंडलेलं. त्याने ती बघितली आणि बसला. मी त्याला सगळं सांगितलं. प्लॅन बंद होतोय म्हणून कुणी तब्येत विचारणार नाही. अर्ज आज भरला तर एक जानेवारीपासून पुरवणी विमा सुरू, औषधांचा प्लॅन वेगळा घ्यायचा तो मी बघते, आणि विस्कॉन्सिनची तारीख हलवायची गरज नाही. कंपनीकडून नवी प्रत मागवायला गेलो तर नाताळाच्या टपालात अडकेल आणि तारीख जाईल, हे टपालवाल्या बाईकडून ऐका. कोरे अर्ज माझ्या पिशवीत कायमच असतात, त्यातले दोन मी काढले, एक त्याचा, एक तिचा.

"तुमच्या अर्जावर सही तुमचीच लागेल," मी रेनोला म्हटलं. "आयलीला करता येत नाही, मला करता येत नाही."

त्याने पावाचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही. हे लोक अशा वेळी तासभर गप्प बसू शकतात, मी बसू शकत नाही. माझं डोकं फिरलं.

"मरायचंच असेल तर तसं सांगा, रेनो, म्हणजे मी माझा शनिवार वाया घालवणार नाही. पण ही बाई आठ आठवडे तुमच्यासाठी जळण चिवडतेय, तिला कारण तरी सांगा."

त्याने पेन्सिलीने कोरल्यासारखा टेबलावर अंगठा फिरवला. मग तिच्याकडे न बघता बोलला.

"वायनो गेला तेव्हा लेंपी बावन्न वर्षांची होती."

वायनो त्याचा भाऊ, लेंपी भावजय. मला दोघं आठवत होते. त्यांच्या पेटीचा नंबर अजून सांगेन.

"वायनो टेबलावर गेला," तो म्हणाला, "आणि थोड्याच महिन्यांत तिचा विमा गेला. खाणीचा विमा त्याच्या नावावर होता ना. तिला छातीत गाठ आली. दोन वर्षं तिने कुणाला सांगितलं नाही, विमा नाही म्हणून. शेवटी मी तिला गाडीत घालून नेलं तेव्हा उशीर झाला होता." तो थांबला. श्वास पुरत नव्हता. "मी घरात बसून हळूहळू गेलो तर तोवर आयलीची काहीतरी सोय लावता येईल. तिकडे टेबलावर गेलो, तर दुसऱ्या दिवशी हिचं काय?"

आयलीचा हात कॉफीच्या भांड्यावर तसाच राहिला. तिला हे माहीत नव्हतं. पंधरा पुस्तकं वाचली होती तिने, पण हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आणि मला कळलं की लायब्ररीत तो का सुटल्यासारखा दिसला. मी दार बंद आहे म्हटलं, तेव्हा त्याला वाटलं की शस्त्रक्रिया टळली, म्हणजे बायकोचा विमा तेवढे दिवस तरी टिकला.

मी आयलीला म्हटलं, तुमची दोघांची मेडिकेअरची कार्डं आण. तिने पर्समधून आणली. त्याच्या प्लॅनचं कार्डही त्याच पर्समध्ये होतं, म्हणजे त्या दिवशी ते घरी राहिलंच नव्हतं, पण त्यावर मी बोलले नाही. मेडिकेअरची दोन्ही कार्डं मी त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली.

"हे तुमचं. हे तिचं. नंबर बघा, वेगळे आहेत. खाणीचा विमा नवऱ्याच्या नावावर घराला मिळायचा. हे तसं नाही, रेनो. मेडिकेअर घराचं नसतं, नवरा-बायकोचंही नसतं. ज्याचं त्याचं असतं. पुरवणी विमासुद्धा तिचा वेगळा, तिच्या सहीने, तिच्या नावाने."

त्याने तिचं कार्ड उचललं. चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून धरलं. त्यावर फक्त तिचं नाव होतं. तो ते पुन्हा पुन्हा वाचत होता.

"म्हणजे मी टेबलावर गेलो तरी?"

"तुम्ही टेबलावर गेलात तरी. तुम्ही उद्या झाडावरून पडलात तरी. हिचं हे हिच्यापाशी, ती असेपर्यंत."

"कागदावर आहे तसं?"

मी काही म्हणायच्या आत आयलीने पुस्तक ओढलं, पानं उलटली आणि बोट ठेवून त्याच्यासमोर सरकवलं. त्याने वाचलं नाही. तिच्या बोटाकडे बघितलं, आणि मग त्याने पेन मागितलं.

सही करायला त्याला वेळ लागला. खाणीत हात झिजलेल्या माणसाची सही असते तशी ती होती, मोठी आणि वाकडी. आयलीने अर्ज घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, मग उलटून मागची बाजू वाचली आणि आपल्या अर्जावर सही केली. मग उठली, त्याच्या खुर्चीमागे गेली आणि त्याच्या ओल्या डोक्यावर एक टपली मारली.

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली.

"तू तरी कुठे विचारलंस."

तिचा हात त्याच्या डोक्यावर तसाच राहिला. तो खाली बघत होता. बाहेर साऊनाच्या धुराड्यातून धूर निघत होता.

मी बडबडी बाई. गप्प बसायचे पैसे दिले तरी मला जमत नाही, असं आमच्या पोस्टात म्हणायचे. पण त्या स्वयंपाकघरात मी नुसती माझी कॉफी संपवली. एक माणूस मरणाची वाट बघत बसला होता, कशासाठी, तर बायकोला पुढे डॉक्टर मिळावा म्हणून. आणि ती दर शनिवारी त्याचा जीव जळणातून काढून कपाखाली ठेवत होती. दोघं दोन महिने एकमेकांना वाचवत होते, एकमेकांच्या विरुद्ध.

मी दोन्ही पत्रं आणि दोन्ही अर्ज पिशवीत घातले. सोमवारी लायब्ररीत त्यांच्या प्रती काढल्या, तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं की धुराचा वास कुठून येतोय. मी म्हटलं, मूळ कागद आहे, जपून हाताळा. मग पोस्टात गेले, रांगेत उभी राहिले आणि ते पाकीट माझ्या हाताने रजिस्टर केलं.